एवढे तर आहेत की!

मे महिन्याचा शेवट होता. वळवाचा पाऊस नुकताच पडून गेला होता आणि पावसाबरोबर लाईटही गेली होती, त्यामुळे हॉलमध्ये इन्व्हर्टरवरचा एकच दिवा आणि एकच पंखा चालू, बाल्कनीतून ओल्या मातीचा आणि खालच्या गाडीवरच्या भज्यांच्या तेलाचा मिसळलेला वास येतोय, आणि आई मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ताईशी व्हिडिओ कॉलवर बोलतेय. ताई इंग्लंडात न्यूकॅसलला असते. आपल्याकडे साडेआठ म्हणजे तिकडे दुपारचे चार, ती ओवीला, म्हणजे माझ्या भाचीला, शाळेतून घेऊन नदीकाठानं घरी चालली होती. लोणचं घातलं का, गुडघा काय म्हणतोय, असं नेहमीचं चाललेलं असताना आई मधेच थांबली आणि म्हणाली, "अगं, मागे कुणाचं बाळ रडतंय? केव्हाचं रडतंय, बघ तरी." ताईनं काही न बोलता फोन वर फिरवला. हिरव्या लोखंडी कमानीचा मोठा पूल, त्याच्या टोकाला दगडी मनोरा, कामासाठी बांधलेली परांची, आणि मनोऱ्याच्या प्रत्येक कंगोऱ्यावर, प्रत्येक खिडकीच्या पट्टीवर खेटून खेटून बसलेले पांढरे पक्षी. सगळे एकदम ओरडत होते. ओवी फोनमध्ये डोकं घालून म्हणाली, "आजी, ते किटिवेक आहेत. ते कमी होत चाललेत, टीचरनी सांगितलंय." आणि आई स्क्रीनकडे बघत, अगदी सहज म्हणाली, "कमी? अगं, एवढे तर आहेत की!"

तेवढ्यात नेट गेलं आणि कॉल कट झाला.

आई विसरली असेल, मला मात्र ते वाक्य काही केल्या सोडेना. भांडी घासताना, बसमध्ये, रात्री झोप लागायच्या आधी, सारखं तेच, एवढे तर आहेत की. आई बोलली त्यात काहीच चुकीचं नव्हतं, तिनं जे बघितलं तेच ती बोलली, शेकडो पक्षी दिसत होते आणि आवाज तर फोनमधून घर भरून गेला होता. आणि ओवीच्या टीचरही बरोबर होत्या. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे मला स्वतःला नीट समजून घ्यायचं होतं, म्हणून मग मी या पक्ष्याच्या मागे लागले, पुण्यात बसून, ज्या पक्ष्याचं पीसही इथे सहसा पडणार नाही त्याच्या मागे.

किटिवेक हा कुरवांच्या, म्हणजे सीगलच्या कुळातला. पण कुरव म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतो तसा बंदरावर माशांच्या आतड्यांवर तुटून पडणारा किंवा तिकडच्या बीचवर लोकांच्या हातातले चिप्स पळवणारा पक्षी हा नव्हे. हा खरा समुद्राचा. पांढरं डोकं, करडी पाठ, पंखांची टोकं काळीभोर आणि त्या काळ्यात एकही पांढरा ठिपका नाही, पाय काळे, चोच पिवळी, आणि ओरडायला तोंड उघडलं की आतून लालभडक. वर्षातला बराच काळ तो जमिनीकडे फिरकतच नाही, भर अटलांटिकमध्ये, जिथे हिवाळ्यात आपल्याला नुसती लाटांची कल्पनाही करवत नाही तिथे असतो. १९ वसाहतींमधल्या पक्ष्यांच्या पायाला जिओलोकेटर नावाचं चिमुकलं यंत्र लावून शास्त्रज्ञांनी बघितलं तेव्हा कळलं की ब्रिटनच्या पश्चिमेकडचे आणि आयर्लंडचे सोडले तर बहुतेक किटिवेक हिवाळा काढायला महासागराच्या पार पलीकडच्या अर्ध्यात, न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरच्या बाजूला जातात. नॉर्वेचे, उत्तर इंग्लंडचे, बरेचसे तिकडेच. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परत येतात ते बहुतेक करून आपल्याच कड्यावर, आपल्याच कंगोऱ्यावर, आणि जोडीदार जिवंत असेल तर त्याच्याकडेच.

हे जोडीदाराचं जे कळलं ना, तेही न्यूकॅसलच्याच जवळ कळलं. टाइन नदी समुद्राला मिळते तिथे नॉर्थ शील्ड्स म्हणून गाव आहे, तिथल्या एका गोदामाच्या खिडक्यांच्या पट्ट्यांवर किटिवेक घरटी करायचे, आणि जॉन कूल्सन नावाच्या प्राध्यापकांनी १९५० च्या दशकात त्यांच्या पायात रंगीत कड्या घालून त्यांना ओळखायला सुरुवात केली आणि तीस वर्षांहून जास्त काळ त्याच गोदामाच्या त्याच खिडक्या ते बघत राहिले. कोण कुणाबरोबर आलं, कोण आलं नाही, कुणाची किती पिल्लं उडाली. जुनी जोडी टिकली तर पिल्लं जास्त जगतात, जोडीदार बदलला की कमी, हे त्या वह्यांमधून बाहेर आलं. मला या माणसाबद्दल वाचताना फार भरून आलं. एक गोदाम, आणि त्याच्याकडे इतकी वर्षं बघणारा एक माणूस. त्यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६९ मध्ये सगळ्या ब्रिटनमधले किटिवेक मोजायचा घाट घातला, आणि तेव्हा आकडा वाढत होता, वर्षाला तीन-चार टक्क्यांनी वाढत होता.

वाढत होता, कारण त्याआधी माणसानं त्यांना मारून मारून खाली आणलं होतं. एकोणिसाव्या शतकात यॉर्कशरच्या फ्लॅम्बरो हेडच्या कड्यांखाली लोक बोटी घेऊन जायचे आणि नुसत्या मजेसाठी गोळ्या झाडायचे. शिवाय बायकांच्या टोप्यांवर किटिवेकचे पंख लावायची फॅशन आली होती. जखमी पक्ष्याचे पंख छाटून घ्यायचे आणि त्याला तसाच जिवंत पाण्यात फेकून द्यायचं, आणि वर कड्यावर पिल्लं उपाशी मरायची. आल्फ्रेड न्यूटन या प्राणिशास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये याविरुद्ध आवाज उठवला आणि पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, समुद्रपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, विणीच्या काळात मारायला बंदी. जंगली पक्ष्यांना वाचवायचा तिथला तो पहिला कायदा. त्यानंतर हळूहळू, म्हणजे खरंच हळूहळू, पक्षी वाढत गेले, कडे भरले, आणि कडे पुरेनासे झाले तसे ते इमारतींवरही आले. न्यूकॅसलच्या टाइन ब्रिजवर १९६० च्या दशकात आले. १९२८ सालचा पूल, समुद्रापासून बारा-पंधरा किलोमीटर आत, आणि समुद्रापासून इतक्या आत किटिवेकची वसाहत जगात दुसरीकडे कुठेही नाही असं सांगतात. आज त्या नदीकाठी हजाराहून जास्त जोड्या आहेत, आणि तिथे त्यांचं बरं चाललंय, पिल्लंही बऱ्यापैकी मोठी होऊन उडून जातात.

म्हणजे आईला दिसलेला पूल हा खरोखरच भरलेला पूल होता.

आता बाकीचं. जगभरात किटिवेक आजही दीड कोटीच्या आसपास आहेत, म्हणजे आकडा ऐकून कुणीही निवांत व्हावं. पण १९७० च्या दशकापासून आतापर्यंत ते साधारण ४० टक्क्यांनी घटलेत, आणि म्हणूनच २०१७ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय यादीत धोक्यात आलेल्यांमध्ये, 'व्हल्नरेबल' म्हणून टाकलं. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी आणि शेटलंड बेटांचा आकडा आला, २००० सालानंतर ८७ टक्के घट. सेंट किल्डा नावाचा एकटा बेटांचा पुंजका आहे अटलांटिकात, तिथे ९६ टक्के. २०१५ ते २०२१ अशी मोठी गणना झाली ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये, तिच्यात आधीच्या गणनेपेक्षा ४० टक्क्यांच्या वर घट. नॉर्वेतही तेच, मुख्य भूमीवरचे कडेच्या कडे रिकामे झालेत आणि उरलेले पक्षी ट्रोम्सोसारख्या गावांमध्ये घरांच्या खिडक्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर घरटी करायला लागलेत. गावातले लोक कावलेत, आणि गावानं मग त्यांच्यासाठी लाकडी मनोरे उभारलेत, फळ्याफळ्यांचे, घरटी करायला. आणि नुसत्या किटिवेकचंच हे नाही, १९५० ते २०१० या काळात ज्या ज्या समुद्रपक्ष्यांची नीट मोजणी होत होती त्यांची संख्या मिळून जवळजवळ ७० टक्क्यांनी घसरली असं २०१५ मध्ये एका अभ्यासातून आलं. जगातल्या एकूण समुद्रपक्ष्यांपैकी एक पंचमांशाहून थोड्या कमी पक्ष्यांचीच अशी मोजणी झाली होती, बाकीच्यांचं कुणी बघितलेलंच नाही.

हे वाचल्यावर मला प्रश्न पडला की हे लोकांना दिसलं कसं नाही. ८७ टक्के म्हणजे काय कमी झालं का! पण ते दिसत नाही, आणि का दिसत नाही हे कळल्यावर मला जास्तच वाईट वाटलं. किटिवेक चार-पाच वर्षांचा झाल्यावर पहिल्यांदा अंडी घालतो आणि नशिबानं साथ दिली तर वीस-वीस वर्षं जगतो. दोन अंडी, चिखल आणि गवत पायांनी तुडवून तुडवून कड्याला चिकटवलेलं घरटं, आणि त्यातली पिल्लं भिंतीकडे तोंड करून गप्प बसतात, बाकीच्या कुरवांच्या पिल्लांसारखी हिंडत नाहीत, कारण इथे एक पाऊल चुकलं तर खाली थेट समुद्र. समुद्रात मासा मिळाला नाही तर ती पिल्लं त्याच घरट्यात, त्याच भिंतीकडे तोंड करून मरतात. पण आईबाप पुढच्या वर्षी परत येतात. त्याच्या पुढच्या वर्षीही येतात. ओरडतात, चोचीला चोच घासतात, चिखल आणतात. खालून बोटीतून बघणाऱ्याला कडा भरलेलाच दिसतो. आमच्या जुन्या सोसायटीत कसं, गणपतीत आरतीला खालचा हॉल भरतो, प्रत्येक घरातून कुणी ना कुणी येतं, पण टाळ्या वाजवणारे सगळे सत्तरीच्या पुढचे आणि खाली सायकल चालवणारं एकही पोर नाही, तसंच ते. गर्दी आहे, फक्त ती गर्दी पुढे जाणारी नाही. आणि मग एका दशकात म्हातारे पक्षी जायला लागतात आणि कडा एकदम उघडा पडतो, आणि लोक म्हणतात, अचानक काय झालं.

म्हणूनच तिकडे नुसते पक्षी मोजून भागत नाही. जूनच्या सुरुवातीला घरटी मोजतात, ज्या घरट्यावर पक्षी बसलाय ते एक घरटं म्हणजे एक जोडी, आणि मग जुलैच्या शेवटाला परत जाऊन त्याच घरट्यांमध्ये पिल्लं किती ते बघतात. फोटोवर कंगोऱ्यांना नंबर टाकलेले असतात. भर वाऱ्यात, घाणीच्या उग्र वासात, दुर्बीण लावून मान मोडेपर्यंत एक एक घरटं. यातले कितीतरी जण स्वयंसेवक असतात, निवृत्त शिक्षक, पोस्टातले, असे.

मासा मिळत नाही म्हणजे काय, तर सँडईल मिळत नाही. बोटाएवढा, चांदीसारखा चमकणारा, वाळूत घुसून बसणारा बारका मासा. उत्तर समुद्रातले किटिवेक पिल्लांना मुख्यतः हाच भरवतात, आणि किटिवेक काही खोल बुडी मारणारा पक्षी नाही, पाण्याच्या वरच्या हातभर थरात जे असेल तेवढंच त्याचं. मासा खोलावर असेल तर पफिन नावाचा समुद्रपक्षी बुडी मारून आणील, हा नाही आणू शकत. आणि सँडईल कमी व्हायला दोन गोष्टी. एक म्हणजे तो टनांनी पकडून त्याचं पीठ आणि तेल करतात, जनावरांच्या आणि पाळलेल्या माशांच्या खाद्यासाठी. दुसरी म्हणजे समुद्र तापतोय, आणि सँडईल ज्या थंड पाण्यातल्या सूक्ष्म कोळंबीसारख्या जीवांवर जगतो ते जीव उत्तरेकडे सरकलेत. हिवाळा उबदार गेला की पुढे पिल्लं कमी, हे आकड्यांमधून दिसतं.

हे सगळं मी आईला सांगितलं, बारीक सँडईलचा फोटोही दाखवला. आईचं माहेर हर्णैचं. फोटो बघून ती लगेच म्हणाली, "हे म्हणजे आपल्या तारल्यांसारखंच झालं." आणि मग बराच वेळ ती बंदरावरच्या संध्याकाळबद्दल बोलत बसली, होड्या लागल्या की वाळूत मांडलेला लिलाव, बैलगाड्या पाण्यात घालून उतरवलेली मासळी, पाटीच्या पाटी तारल्या, इतक्या की कुणी विकत घ्यायचं नाही, माडाच्या मुळाशी खत म्हणून टाकायच्या. आणि वर पांढरे पक्षी, नुसते पांढरे पक्षी, आम्ही पोरं दगड मारायचो, ती म्हणाली. पुढे एखाद्या वर्षी तारली यायचीच नाही. तेव्हा पक्ष्यांचं काय व्हायचं, मी विचारलं. आई गप्प झाली. "तेव्हा ते बघितलंच नाही गं," असं म्हणाली. आपल्या किनाऱ्यावरची बारीक मासळीही आता फिशमीलच्या कारखान्यांना जाते, आणि तिच्यावर जगणाऱ्या पक्ष्यांच्या वह्या आपल्याकडे कुणी ठेवल्यात, याचा विचार मला त्या रात्री बराच वेळ करत बसावा लागला.

मग मी पुण्याकडे बघायला लागले. भिगवणला जे हिवाळ्यात जाऊन आलेत त्यांना माहीत आहे, डिकसळ किंवा कुंभारगावाहून बोट निघाली रे निघाली की कुरव मागे लागतात. तपकिरी डोक्याचे कुरव, लडाख-तिबेटकडच्या उंच तलावांवर वाढलेले, हिवाळ्यात डोकं पांढरं होऊन कानामागे एक डाग उरलेला, डोळा फिकट, आणि ते इतक्या जवळून उडतात की पंखांची हवा गालाला लागते. बोटीतले लोक शेव, फरसाण उधळतात, पोरं किंचाळतात, रील होतं. मीही त्या बोटीत बसलेय आणि मलाही आनंद झालाय, तो आनंद खोटा नाही. पण तिथून परतताना प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलत असतो, काय पक्षी होते यार. आणि ज्या वर्षी उजनी धरण तुडुंब असतं, चिखलाचे काठ पाण्याखाली असतात, त्या वर्षी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, कमी येतात किंवा दुसरीकडे उतरतात, तेव्हा तीच माणसं म्हणतात, पक्षी संपले. दोन्ही वेळा आपण धरणाच्या पाण्याची पातळी बघून आलेलो असतो. पक्ष्यांचं काय चाललंय ते तिबेटच्या तलावावर, मधल्या साऱ्या मुक्कामांवर, आणि कित्येक हिवाळ्यांच्या आकड्यांमध्ये असतं, ते एका रविवारच्या बोटीत हाताला लागत नाही.

कवडीला मात्र मला आईच्या पुलासारखं काहीतरी रोज दिसतं. सोलापूर रोडवर लोणीच्या अलीकडे आत वळलं की जुना बंधारा, मुळा-मुठेचं काळपट पाणी, बंधाऱ्याखाली साबणासारखा फेस, काठाला जलपर्णी आणि कॅरीबॅगा अडकलेल्या, नाकाला पहिली पाच मिनिटं नको होतं. आणि त्याच पाण्यावर नदी सुरय नावाचा पक्षी. पिवळी चोच, लाल पाय, उन्हाळा जवळ आला की काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपूट. पाण्यावर डोकं खाली करून संथ येतो, एका जागी फडफडत थांबतो, आणि धप्पकन बुडी. वर आला की चोचीत आडवा मासा, थेंब गळतायत. पुण्याच्या कुठल्याही पक्षीनिरीक्षकाला विचारा, नदी सुरय? हो हो, असतो की नेहमी. पण हाही त्याच आंतरराष्ट्रीय यादीत धोक्यात आलेल्यांमध्ये आहे, किटिवेकच्याच रकान्यात. कारण तो अंडी घालतो उघड्या वाळूवर, नदीतल्या बेटावर, आणि वाळू आपण उपसून नेली, बेटांवर कुत्री गेली, आणि वरून धरणाचं पाणी सोडलं की घरटं वाहून जातं. मोठा पक्षी मात्र दिसत राहतो, कारण तोही बरीच वर्षं जगतो. तो मासा पकडतोय हे मला दिसतं, तो मासा घेऊन कुठल्या घरट्याकडे जातो, मुळात घरटं आहे का, हे मला दिसत नाही.

आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, ऐंशीच्या दशकापासून नदीवर येणारे. पर्यावरणतज्ज्ञ प्रकाश गोळे यांनी ज्या काळात पुण्याच्या या घाण होत चाललेल्या नदीवरच्या पक्ष्यांचा अभ्यास मांडला त्या काळातले. येरवड्याच्या सलीम अली अभयारण्याच्या काठावर उभं राहून ते म्हणतात, इथे थंडीत बदकांमुळे पाणी दिसायचं नाही. आणि बाजूला नवीन आलेली इंजिनियरिंगची पोरं पन्नास-साठ बदकं बघून खुश झालेली असतात, मोबाईलवर चेकलिस्ट भरत असतात. मला दोघांचंही पटतं. त्या पोरांचा उत्साह मोडावासा वाटत नाही, कारण त्यांच्या त्या मोबाईलमधल्या नोंदीच पुढे कामाला येतात. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला तो अशाच तीस हजार लोकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे, त्यात ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला आणि त्यातल्या २०४ जाती घटलेल्या निघाल्या. वाढलेल्यांमध्ये मोर, कोकीळ आणि आपली कबुतरं. कबुतरं बघून आपल्याला वाटतं शहरात पक्षी भरपूर. आमच्या बाल्कनीलाही कबुतरांची जाळी आहे, सगळ्या बिल्डिंगला आहे, आणि न्यूकॅसलच्या नदीकाठच्या इमारतींवरही अशाच जाळ्या आणि खिळे लावलेत, आवाज आणि घाण नको म्हणून. त्यात किटिवेक अडकून लटकतात. ताईनं फोटो पाठवला होता, मी ओवीला तो दाखवू नकोस म्हटलं, तर तो फोटो ओवीनंच काढलेला होता.

तिकडे चांगलंही चाललंय, ते सांगायलाच हवं. टाइन ब्रिजचं मोठं डागडुजीचं काम २०२४ मध्ये सुरू झालं, आणि पक्ष्यांना विणीच्या काळात बसायला जागा ठेवून ते चाललंय. त्याच वर्षी मार्चपासून ब्रिटननं उत्तर समुद्रातल्या इंग्लंडच्या हद्दीत आणि स्कॉटलंडच्या सगळ्या पाण्यात सँडईल पकडायलाच बंदी केली. युरोपियन युनियननं आक्षेप घेतला, प्रकरण लवादापर्यंत गेलं, २०२५ च्या निकालात ब्रिटनला काही मुद्द्यांवर ऐकून घ्यावं लागलं पण बंदी टिकली. एका बोटाएवढ्या माशासाठी दोन सत्ता लवादापुढे उभ्या राहिल्या, हे वाचून मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. पण याचं फळ लगेच दिसणार नाही. आता मासा वाढला, आता पिल्लं जगली, तरी ती पिल्लं कड्यावर अंडी घालायला यायला आणखी चार-पाच वर्षं. मधे बर्ड फ्लू आलाच, २०२२ आणि २०२३ मध्ये हजारो समुद्रपक्षी मेले, त्यात किटिवेकही होते. आणि समुद्राचं तापणं. १८६९ मध्ये एक कायदा केला, बंदुका थांबल्या, आणि पक्षी परत वाढले, कारण मारणारी गोष्ट एकच होती आणि ती हातातली होती. पाणी तापवणारे तर आपण सगळेच आहोत, फ्लॅम्बरोच्या कड्याखालचे आणि सिंहगड रोडच्या सिग्नलला उभे असलेलेही. पवनचक्क्या हव्यात म्हणून समुद्रात उभारतात तर त्यांच्या पात्यांना किटिवेक धडकतात, मग त्याची भरपाई म्हणून तिथल्या कंपन्यांना किटिवेकसाठी नवे मनोरे बांधून द्यावे लागतात. मला पवनचक्क्याही हव्यात आणि किटिवेकही हवेत, आणि यातलं काय सोडू हे मला कुणी विचारू नये असं वाटतं.

ओवीला मी सांगितलंय की शाळेच्या वाटेवर पुलाचा एकच कंगोरा धर, तुझा म्हणून, आणि त्यावर किती घरटी आणि ऑगस्टपर्यंत त्यातून किती पिल्लं उडाली ते लिहून ठेव. तिनं तीन प्रश्न विचारले, एक पक्षी बसलेला आणि एक उभा असेल तर एक जोडी धरायची का दोन, पिल्लू दिसत नसेल पण आवाज येत असेल तर काय, आणि हे किती वर्षं करायचं. पहिल्या दोनांची उत्तरं मी शोधून दिली.

इथे जानेवारीत पाणपक्षी गणना असते, आशियाभर १९८७ पासून चालू आहे, पुण्यातही होते. आम्ही कवडीला जातो. सकाळी सहाला हडपसरहून निघतो, थंडी चांगली असते तेव्हा, नदीवर धुकं असलं तर उजाडेपर्यंत मोजता येत नाही. दोन जण मोजतात, एक जण लिहितो, आणि जे दिसलं नाही तिथे शून्य लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही, यावरून काका सगळ्यांना दरवर्षी ओरडतात. दुर्बीण नसली तरी या, लिहायला माणूस लागतोच. यंदा आईही म्हणतेय येते म्हणून. तिला बंधाऱ्यापर्यंत गाडी न्यावी लागेल, तेवढं बघायचंय.